मांजरापुरतं दार

१७ जून

तीर्थस्वरूप वन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. गुडघा आता बरा असेल, जिने मात्र चढू नका. इकडे आम्ही दोघं आणि मांजरं दोन, ठीक आहोत. तुम्ही जे विचारलंय त्यावर येतेच, पण आधी मांजरांचं सांगते.

दाराला खाली मांजरांसाठी छोटं दार बसवलं. हल्ली दार दिवसभर बंद असतं आणि खिडक्यांना जाळ्या. मुकादम बोका नख्यांनी दार खरवडायचा आणि ठमी कोपऱ्यात घाण करून साळसूदपणे बसायची.

दुकानात तयार मिळतात, चौकटीत पारदर्शक झडप, आत-बाहेर दोन्हीकडे ढकलली जाते. दुकानदाराने मोठं पुढे केलं. हे म्हणाले, "यातून कुत्रंसुद्धा येईल. मांजराची मिशी जाते तिथून मांजर जातं, बारकं द्या." दुकानदार चाटच पडला. कारण जरा आधी ह्यांनी त्याला तीनदा विचारलं होतं, दुकान कुणाचं? वन्सं, सकाळी मला चहा मागताना हे "अहो बाई" म्हणतात. पण सुतारकी अजून हातात आहे.

घरी येऊन मुकादमाला उभं करून त्याचं पोट जमिनीपासून किती वर ते मोजलं, दारावर रेघ मारली. पेन्सिल कानावर, स्क्रू तोंडात. गिरमिटाने कोपऱ्यांना भोकं, मग करवत, मग पटाशी. मी भुसा गोळा करत होते आणि खूप दिवसांनी मला बरं वाटत होतं.

मग हे बाहेर पायरीवर बसले, त्या भोकातून हात आत घातला आणि आतल्या कडीकडे ताणून बघितला. "चोराचा हात कडीला लागता कामा नये," म्हणाले. चार बोटं कमी पडत होता. खूश झाले. बाहेरची कडीही त्याच उंचीवर आहे, हे मला तेव्हाच दिसलं.

ठमी त्याच दिवशी शिकली. मुकादम झडपेसमोर बसून बोंबलत राहिला. शेवटी झडप दोरीने वर बांधून पलीकडे मासळीचा तुकडा ठेवला, तेव्हा गेला. पोटासाठी सगळे शिकतात.

तुम्ही विचारलंय, "माझ्या भावाला कोंडून ठेवतेस म्हणे, खरं का?"

खरं आहे. शिलाईच्या कारखान्यात जाताना मी बाहेरून कडी घालते, कुलूप लावते. एकदा शेजाऱ्यांनी ह्यांना चौकातून आणलं. नंतर रेल्वेच्या रुळांवर सापडले, अनवाणी, हातात करवत. "कामाला उशीर होतोय," म्हणून आणणाऱ्यावरच ओरडत होते. नोकरी सोडली तर खायचं काय, आणि नाही सोडली तर ह्यांना बघायचं कुणी? आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी माझी गत आहे. तुम्ही "त्याला माझ्याकडे आण" असं लिहिलंत, तेव्हा मला राग आला होता. ह्या पत्रात नाही म्हणूनच लिहायचं ठरवून बसले होते.

पण काल परतले तर झडपेतून हात बाहेर आलेला. दंड चौकटीला घासून सोललेला, बोटं वर कडीकडे चाचपत होती. स्वतःच मोजून ठेवलेली चार बोटं काही केल्या पुरी होईनात. मुकादम शेजारी बसून तो हात चाटत होता. मला लगेच कुलूप उघडता आलं नाही. मी पायरीवर बसले आणि हात धरला. हे आतून किती अदबीने बोलले, वन्सं. "बाई, जरा कडी काढता का? माझी बायको घरी वाट बघत असेल."

तेव्हा तुम्ही या आणि ह्यांना घेऊन जा. हत्यारांची पेटी सोबत देईन, करवत काढून घेऊन. मांजरं माझ्याकडे राहतील.

फक्त निघण्याआधी एक कळवा. तुमच्या दाराला बाहेरून कडी आहे ना?

वाट बघणारी,
तुमची वहिनी