हिल्डा क्रॉसलीची सिंफनी

१२ जानेवारी २००६, गुरुवार

चर्चहॉलचा बॉयलर बंद, आत गारठा, म्हणून तालीम रद्द. आम्ही चौघींनी आमच्या हौशी ऑर्केस्ट्राचं कपाट आवरायला घेतलं. तळाशी एक हस्तलिखित — सिंफनी, हिल्डा क्रॉसली, १९३१. कोण ही? कुणालाच ठाऊक नाही. ट्राममध्ये तिचा दुसरा भाग, दुसरी मूव्हमेंट, वाचत बसले आणि माझा स्टॉप गेला!

२ फेब्रुवारी

आमचा कंडक्टर डेरेक म्हणाला, हस्तलिखितातून प्रत्येक वाद्याचे वेगळे कागद तू उतरवून देत असशील तर मेमध्ये वाजवू. हो म्हणून बसले. आता हॉस्पिटलच्या फार्मसीतून घरी आलं की लगेच कम्प्युटर. माझा नवरा उदय निमूट कुकर लावतो.

१४ मार्च

शोध घेतला: हिल्डा १९६८ला वारली. धाकटी बहीण आहे — नोरा, नव्वदीची, इथं जवळच स्टॉकपोर्टला. परवानगीसाठी पत्र लिहिलं होतं, उत्तर एका ओळीचं: जरूर वाजवा. ही सिंफनी तेव्हा का वाजली नाही, असंही विचारलं होतं. त्यावर अक्षर नाही.

२० एप्रिल, गुरुवार

पहिली तालीम. दुसऱ्या मूव्हमेंटमध्ये हॉर्न, ती पितळी वाद्यं, आले आणि सगळं फाटलं. भयंकर. मागं कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. हॉर्नवाल्यानं खांदे उडवले — कागदावर आहे तेच वाजवतोय. डेरेकनं हातातली छडी खाली ठेवली. "हिला का कुणी वाजवलं नाही, ते आता कळलं."

मी माझ्या व्हायोलिनकडे बघत बसले.

२१ एप्रिल

चूक माझी आहे.

हॉर्न लिहिल्यापेक्षा खाली वाजतो, म्हणून त्याचे सूर चढवून लिहितात. हिल्डानं ते आधीच चढवून लिहिले होते. मी परत चढवले. पानंच्या पानं! फार्मसीत प्रत्येक डोस दोनदा तपासते, आणि इथं एकदाही नाही.

रविवारी ऑर्केस्ट्राची कमिटी मेच्या कार्यक्रमातून सिंफनी काढून टाकणार.

२२ एप्रिल

डेरेकला ईमेल लिहिली. पुसली. परत लिहिली, परत पुसली. अकरा वर्षं या ऑर्केस्ट्रात मी एकटीच भारतीय. कुणी बोट दाखवू नये म्हणून घरी दुप्पट रियाज करून जाते. आता सगळे म्हणतील, हे काम हिला दिलंच कुणी?

उदयला सांगितलं.

"तू बोलली नाहीस, तर चूक हिल्डाच्या नावावर राहील."

२३ एप्रिल, रविवार

सांगितलं. माझ्या शेजारी वाजवणाऱ्या पॉलिननं पाणी पुढं केलं. शेवटी डेरेक म्हणाला, कागद दुरुस्त करून आण, गुरुवारी वीस मिनिटं देतो. वीसच.

२७ एप्रिल

आज फाटलं तर संपलंच.

हॉर्न आले. कुणी हसलं नाही. डेरेकनं घड्याळ पाहिलं नाही. मूव्हमेंट संपली तेव्हा हॉर्नवाल्यांना म्हणाला, तेवढंच परत वाजवा, फक्त तुम्ही.

पाऊण तास झाला होता.

१९ मे

उद्या कॉन्सर्ट. एकशे दहा तिकिटं गेली. नोरा येणार आहेत, भाची गाडीनं आणणार. हॉर्नचे कागद सहाव्यांदा तपासले.

२० मे, शनिवार

छान झालं. लोक उभे राहिले. नंतर मी नोराबाईंपाशी गेले आणि माझी चूक त्यांना सांगून टाकली — त्यांचा हक्कच होता. त्यांनी माझं मनगट धरलं.

"तेव्हा ते कागद मी उतरवले होते. पंधरा वर्षांची होते. हीच चूक. हिल्डा तापानं घरी होती. तालमीत सगळे हसले, आणि तिला निरोप गेला की हे वाजवण्याजोगं नाही. माझी चूक कळली तेव्हा मी ते उतरवलेले कागद चुलीत घातले. तिनं पुन्हा एक ओळ लिहिली नाही, आणि मी तिला कधीच सांगितलं नाही."