शिट्टी सगळ्यांना विचारून

मु. कोसमटोला,
माघ संपत आला

आदरणीय जंगूकाका, पुतण्या चंदनचा सेवा जोहार.

तुमची रात्रपाळी बदलली का आणि घुग्घुसच्या धुळीने धरलेला खोकला कमी झाला का, ते कळवावे. काकूंच्या गुडघ्याला तेल चोळणे चालू असेलच. इकडे आई बरी आहे, बैल बरे आहेत आणि मी बरा नाही. (ताप वगैरे नाही. मन बरे नाही.) हे फोनवर सांगता आले असते, पण आपल्याकडे टॉवर फक्त टेकडीवरच्या त्या एका दगडाजवळ मिळतो, तिथे रांग असते, आणि रांगेतले सगळे आधी ऐकतात व मग सल्ला देतात. म्हणून पत्र. कच्चे लिहून मग स्वच्छ उतरवले आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाचावे. मला तुमच्याकडून काहीही मागायचे नाही.

विषय आपल्या फुटबॉल स्पर्धेचा आहे. आसपासच्या गावांतल्या पोरापोरींची ही स्पर्धा मी चालवतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. मला कोणी नेमलेले नाही. दहावीला गणितात राहिलो, घरी होतो, आणि कापणी झालेल्या धानाच्या बांधीत पोरे चिंध्यांचा गोळा लाथाडत होती ते बघवले नाही, एवढीच माझी चूक. चेंडूत हवा भरणारा मी, चुन्याच्या रेघा मारणारा मी, जंगलवाटेने गावोगाव जाऊन सामन्याचा दिवस सांगणारा मी, आणि पंचही मीच. बदल्यात काय मिळाले? गावातल्या दिव्या नावाच्या पोरीच्या लग्नात मांडवाला बांबू कमी पडले म्हणून आमचे दोन्ही गोल उपटून नेले. (विचारून नेले म्हणतात. कोणाला विचारले ते सांगत नाहीत.) परत आणून रोवले ते आंब्याच्या पानांच्या तोरणासकट. लग्नाचे तोरण आहे, आपोआप गळेपर्यंत काढायचे नाही, असे बायांनी बजावले. तेव्हापासून आम्ही तोरणाखाली खेळतो, आणि तोरणाला लागून खाली पडलेला चेंडू आत धरायचा की बाहेर, हे माझ्या नियमपुस्तकात कुठेही दिलेले नाही. तेही मी सोसले.

गेल्या रविवारी मात्र हद्द झाली. उपांत्य सामना नेमका आपल्याच गावच्या दोन वस्त्यांचा, वरच्या आणि खालच्या टोल्याचा लागला. जिंकणारा संघ आरमोरीला अंतिम सामना खेळणार, आणि हे सगळे मोह गळायच्या आत उरकायला हवे. एकदा मोहफुले पडायला लागली की पोरे पहाटेपासून झाडाखाली आणि मैदानात मी एकटा. दोन्हीकडे एकही गोल नव्हता. तेवढ्यात खालच्या टोल्याच्या बुधरीने मारलेला चेंडू (मुलगी सातवीत आहे, पण तिचा चेंडू अडवला की हात झिणझिणतात) गोलासमोर उभ्या असलेल्या वरच्या टोल्याच्या झिंगूच्या हाताला लागला. मी स्वतः पाहिले. शिट्टी वाजवली आणि पेनल्टी दिली. इथपर्यंत जगात कुठेही घडते तसेच घडले.

मग गावसभेत मधोमध बसणारे आपले बापूजी छत्री घेऊन मैदानात आले. “हे कोणं ठरवलं?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, मी. “एकट्यानंच?”

काका, हा शब्द त्यांनी रागाने उच्चारला असता तर मी उत्तर दिले असते. पण तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवून विचारावे तसे त्यांनी विचारले. आपल्या गावात तळ्यातले मासे कधी धरायचे, बांबू कुठला तोडायचा, हे सगळे एकत्र बसून, झाडून सगळ्यांनी मान हलवल्यावरच ठरते. मला ते मान्य आहे. त्याचा मला अभिमानही आहे, बाहेरच्या पाहुण्यांना मीच समजावून सांगतो. पण पेनल्टी म्हणजे बांबू नव्हे! हे मी सांगत होतो तोवर दोन्ही टोले मैदानात मांडी घालून बसलेसुद्धा.

आधी झिंगूला विचारले. “लागला हाताले, पन मी नाई लावला,” तो म्हणाला, आणि या एका वाक्यावर इतका खोल विचार झाला की मी खाली बसलो. मग वरच्या टोल्याचा गोली अजय, त्याची आई रंजीता उठली. “हात याचा, अन् शिक्षा माह्या पोराले काऊन?” हे सगळ्यांना एवढे पटले की गोलात झिंगूनेच उभे राहावे असे ठरत आले. मी नियमपुस्तक उंच धरले. बायांमधून बकऱ्यावाली ठमाबाई म्हणाली, “थे पुस्तक लिवनाऱ्याले बलाव ना मंग. बसन इथी. त्याचंबी आयकून घेऊ.” लोक हसले. (पुस्तकाला हसले की मला, हे कळले नाही.) तेवढ्यात बुधरीने मान हलवायला नकार दिला. “झिंगूवर नाई मारत मी. तो बाजूले सरकते.” झिंगूने हे तत्काळ मान्य केले. त्यामुळे चर्चा पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी म्हशी चरून घरी निघाल्या. त्या मैदानातूनच जातात. मग एकमत झाले की गोलात अजयच राहील, पण गोल झाला तरी त्याला कोणी बोलायचे नाही. बुधरी पळत आली आणि तिने जी लाथ मारली ती तोरणावरून, पळसावरून, थेट नाल्यात. हा गोल नाही, यावर मात्र दोन्ही टोल्यांचे उभ्या उभ्या एकमत झाले. उरलेला सामना पुढच्या रविवारवर गेला. आणि उठता उठता आणखी एक ठरले: शिट्टी वाजवावी, पण सगळ्यांना विचारून. तोपर्यंत ती चंदनजवळ नको, त्याला घाई असते, ठमाबाईजवळ राहू द्या. काका, तुम्ही घुग्घुसहून पाठवलेली शिट्टी! ठमाबाई तिच्यावर बकऱ्या बोलावते. बकऱ्या येतातही. माझ्या शिट्टीवर खेळाडू इतक्या लवकर कधी आले नाहीत.

तेव्हा मी राजीनामा दिला आहे. शाईच्या पेनाने लिहून बापूजींच्या हातात ठेवला. आता गावाने बकऱ्यांचे दोन संघ करावेत आणि ठमाबाईला पंच नेमावे, मला त्याचे काहीही वाटणार नाही. मी मोह वेचीन, घरची लाकडे फोडीन, रविवारी झोपून राहीन. कृपया माझी समजूत घालू नये. माझा निर्णय पक्का आहे, आणि तो मी एकट्यानेच घेतला आहे.

काकूंना जोहार. खोकल्यासाठी अडुळशाचा काढा घेत जा.

यापुढे फुटबॉलशी कसलाही संबंध नसलेला,
तुमचा चंदन

ता. क. हे पत्र घुग्घुसला ट्रकवर जाणारा धनराज हातोहात देणार आहे. त्याची गाडी अजून निघाली नाही, म्हणून पुढचे लिहितो. काल गावसभेत माझा राजीनामा वाचला. मला वाटले होते, निदान दुपारपर्यंत चर्चा चालेल. चेंडू हाताला लागला की लावला हे ज्या गावाला म्हशी घरी येईपर्यंत ठरवता आले नाही, त्या गावाने माझ्या राजीनाम्यावर एका दमात माना हलवल्या! रंजीताने तर वाचून संपायच्या आधीच. आईनेही हलवली. मग बापूजी माझ्याकडे वळले. “अन् तुहं?” मलाही विचारतील असे मला वाटलेच नव्हते. त्याच वेळी सभेच्या मागच्या मोकळ्या जागेत पोरे खेळत होती. बुधरी अजयवर लाथेमागून लाथ मारत होती आणि प्रत्येक चेंडू पळसावर जात होता, कारण टेकलेला पाय चेंडूच्या शेजारी ठेव, मागे ठेवू नको, हे तिला सांगायला तिथे कोणी नव्हते. काका, माझी मान हलेना. बापूजी म्हणाले, “मंग नाई झालं एकमत. बस खाली.”

आणखी एक. रविवारी सामन्याच्या आधी हाच विषय पुन्हा घेणार आहेत. तुमचे घर अजून गावात आहे, म्हणजे तुमचीही मान धरतात. एक सुट्टी काढून या. बोलायचे काही नाही. एकटाच माणूस मान हलवत नसला की गाव त्याला हट्टी म्हणते. दोघे असले की चर्चा अजून व्हायला पाहिजे म्हणते. तुम्ही फक्त माझ्या शेजारी बसा आणि मान ताठ ठेवा. आणि कृपा करून हसू नका. हसताना तुमची मान हलते.