मशीन अजून पेटीतच

ती. बाबा, नमस्कार. पत्र आईच वाचून दाखवणार, म्हणून तिलाही आत्ताच नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. काम मात्र ठप्प आहे. मी जे पॅकिंग मशीन बसवायला आले, ते दोन महिने पेटीतच पडून आहे. इथला माल बाहेर पाठवायला सरकार बंदी घालणार म्हणे. एक मंत्री घालणार म्हणतो, दुसरा नाही म्हणतो. बंदी आली तर मशीन परत करावं लागेल आणि उघडलेली पेटी कुणी परत घेत नाही. म्हणून मालक पेटीला हात लावू देत नाहीत. विचारलं की म्हणतात, "बघू."

अहो, सरळ बंदी घातली तर मालक दुसरा माल तरी काढतील. कामाला घेणार होते त्या चाळीस बायका दर सोमवारी फाटकावरून परत जातात. पेटीमागे मांजरीने चार पिल्लं घातली, तेवढंच काय ते इथलं उत्पादन.

आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तुम्हीही म्हणता, "ती आली की बघू." मी येणार मशीन बसल्यावर, मशीन बसणार मालकांनी ठरवल्यावर, मालक ठरवणार सरकारने ठरवल्यावर. म्हणजे तुमचा डोळा दोन मंत्र्यांपायी अडलाय.

जिन्यात तुमचा पाय चुकला, हे आईने मागच्या पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय. फार लागलं का?

माझ्यासाठी थांबू नका. डॉक्टरांकडून तारीख घ्या. आधी नीट दिसू दे, मग काय बघायचं ते बघा.

तुमची वैतागलेली,
धाकटी