प्लॅटफॉर्म तिकीट

प्रिय रोझविटा,

रविवारी आपलं लाल विटांचं स्टेशन दुरुस्तीनंतर उघडणार, आणि फीत कापायला तू हॅम्बुर्गहून येणार. दुरुस्तीची अकरा वर्षं तिथली बाकं मी घासली, पण फोटो तुझा छान येतो ना!

तिथल्या संग्रहालयासाठी जुन्या वस्तू शोधताना काल एकहार्टच्या प्रार्थनेच्या पुस्तकात प्लॅटफॉर्म तिकीट सापडलं. १९६८ सालचं, तू गाव सोडलंस त्या दिवसाचं. तेव्हा तिकीटखिडकीवर मी बसायचे, मीच ते त्याला विकलं होतं. तुला निरोप द्यायला निघालाय म्हणून इतकी जळले की खिडकी धाडकन लावून घेतली.

पुढे त्याने लग्न माझ्याशी केलं. तरी दर नाताळात तू केक खात सांगायचीस, "अगं, गाडीबरोबर धावत होता तुझा नवरा, टोपी हलवत!"

तो शपथेवर सांगायचा, "मी आत गेलोच नव्हतो. तुझ्या खिडकीपाशीच थांबलो होतो."

"तिकीट मीच विकलंय, मला नको शिकवूस!" म्हणायचे मी. तो गेला त्या वर्षापर्यंत हेच.

काल तिकीट उजेडात धरलं. त्याला भोकच नाही. प्लॅटफॉर्मच्या फाटकावरचा म्हातारा ओसवाल्ड तिकिटाला चिमटा मारल्याशिवाय पाद्रीबाबांनाही आत सोडत नसे. एकहार्ट माझ्या बंद खिडकीसमोरच उभा राहिला होता.

हे पत्र मी टाकणार नाही, नाहीतर तू गोष्ट बदलशील. तिकीट संग्रहालयात काचेखाली ठेवलंय. फीत कापलीस की सगळ्यांना ती धावण्याची गोष्ट सांग, आणि मग तिकिटातलं भोक दाखव.

तुझी बहीण, पण आधी एकहार्टची बायको,
इर्मट्राउट