फाटकापाशी टेकवलेला कलश

पिंपरी,
ता. ६ मार्च १९५५

ती. सगुणाअक्कास,
ज्योतीरामाचा साष्टांग नमस्कार.

तुझं कार्ड पोचलं. नातू दोन महिन्यांचा झाला तरी नाव ठरत नाही, म्हणजे सासू-सुनेची चांगलीच जुंपलेली दिसते. इकडे सर्व खुशाल. म्हैस व्याली. भैरोबाचं जुनं देऊळ ज्या कारखान्याच्या जागेत गेलं, त्याची भिंत आता पार ओढ्यापर्यंत आली आहे.

पुढच्या रविवारी बाळाला नव्या देवळात भैरोबाच्या पायांवर घालायला आणतेस म्हणतेस. नवस तुझा, मी नको कसं म्हणू? तरी उत्तराची तीन पत्रं लिहून फाडली.

देऊळ झकास झालंय. शहाबादी फरशी, पितळी घंटा. पण दगडा-चुन्यानं देऊळ होत नाही, हे गुरवाच्या लेकीला मी काय सांगावं? देव हलवला त्या दिवशी शास्त्रीबुवांनी जुन्या मूर्तीतला देव कलशातल्या पाण्यात घेतला आणि मला बजावलं, "नव्या गाभाऱ्यापर्यंत हा खाली टेकवू नका. टेकेल तिथंच देव बसेल." कलश डोक्यावर घेऊन मी अनवाणी पुढे निघालो. रेल्वे फाटकापाशी पायात बाभळीचा काटा मोडला. वाजंत्री बरीच मागे होती. काटा काढायला कलश खाली ठेवला. अक्का, मिनिटभरसुद्धा नाही गं.

कलश पुन्हा डोक्यावर घेतला, तेवढ्यात मागून तात्याबा पाटील आले. "गुरवा, कलश कुठं टेकला न्हाई न्हवं?"

मी म्हणालो, "न्हाई."

त्याला दीड वर्ष झालं. दोन्ही वेळा रिकाम्या गाभाऱ्यात पूजा करतो. सांगायची सोय नाही. साऱ्या गावानं डोक्यावरून दगड वाहिलेत. परवा सरुबाई मूर्तीपुढे धाय मोकलून रडली आणि हलकी होऊन घरी गेली. तिला तिथं देव भेटतो. मला भेटत नाही. आणि पूजा तर माझ्याच गळ्यात, उद्या पोराच्याही. मला फार भीती वाटते.

बाळाला घेऊन ये. मी अंगारा लावीन. नवस गाभाऱ्यात फेडायचा की फाटकापाशी, ते तू ठरव, पण गावात अवाक्षर काढू नकोस. हे वाचलंस की तूही माझ्यासारखी अडकणार, हे कळत असूनच पत्र पेटीत टाकतोय. एकट्यानं सोसवेना.

तुलाही यात ओढणारा,
तुझा धाकटा भाऊ
ज्योतीराम