वसंताच्या वाट्याची ट्रॉली

९ मे १९७७

आज ह्यांनी वसंताला मारलं. सगळ्या गावासमोर. त्याच्या नव्या बायकोसमोर.

सर्जेरावांच्या पोराचं लग्न अंतरवालीला. वऱ्हाड आपल्या ट्रॉलीतून जायचं ठरल्तं. बाया लेकरं घेऊन दिवस उगवायच्या आधीच येऊन बसल्या. वसंता रोजच्यासारखा ट्रॉलीखाली शिरला. खालचे नट-बोल्ट हातानं बघितल्याबिगर तो ट्रॉली हलू देत न्हाई. बाहेर आला आन म्हणाला, दांड्याच्या जोडाला चीर गेलीय, माणसं भरायची न्हाईत. हे म्हणाले, काल एवढा कडबा वाह्यला, तवा न्हाई तुटला.

"कडबा सांडला तर गोळा करता येतो, दादा."

लोक हसले. ह्यांना ते लागलं. वसंतानं ट्रॉली जोडायची पिन काढून खिशात घातली — पिनेबिगर काय नेणार? मंग हे ट्रॅक्टरवरून खाली उतरले. एकच मारली. पण आवाज माझ्यापर्यंत चुलीजवळ आला.

वऱ्हाड दुसऱ्याच्या ट्रकनं गेलं. दोघं भाऊ जेवले न्हाईत. मीपण न्हाई.

१० मे

वसंता बैलगाडीत दांडा टाकून कुंभार पिंपळगावला वेल्डिंगला गेल्ता. वेल्डिंगवाला म्हणाला म्हणे, एक चांगला उतार लागला असता तर ट्रॉली सुटलीच असती. मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मला वाटतं, ह्यांना कळलंय. कळलंय म्हणूनच राग जात न्हाई.

१४ मे

रातभर डोळा लागला न्हाई. हे म्हणाले, वसंताला वेगळं व्हायचंय. त्यानंच मागितलं. मी म्हणलं, मी विचारते त्याला. तर म्हणाले, "तू मधी पडू नको. पोराची अजून शोभा होईल."

सासूबाई गेल्या तवा वसंता रांगत होता. मी नवी नवरी, मलाच अजून आई लागत होती. तो माझ्या पदराला धरून उभा राह्यला शिकला. मला आई म्हणायचा. बाया हसायच्या, म्हणून मीच ते मोडलं, वैनी म्हणायला लावलं. पुढं माझ्या पोटी काही आलं न्हाई, तवा वाटलं — कशाला मोडलं?

आन आता त्याला माझ्या चुलीपासून वेगळं व्हायचंय.

१५ मे

गोठ्यात गेल्ते, नुसतं त्याच्याजवळ बसायला. तो उठला आन बैलांना पाणी दाखवायला गेला. बैलांना मघाशीच पाजलं होतं. मी बघितलं होतं.

२ जून

वाटणी झाली. पंच ओट्यावर बसले. शिवार अर्धं-अर्धं. घर मधून. मंग ट्रॅक्टर-ट्रॉलीचं निघालं. सासऱ्यांची मेंढरं विकून दोघा भावांनी मिळून घेतलेली जोडी. हे म्हणाले, ट्रॅक्टर मी चालवतो, तो माझा. ट्रॉली त्यानं सांभाळली, ती त्याची.

पंचातले म्हस्कूबाबा म्हणाले, "अरे, बैल एकाला आन गाडी एकाला, अशी वाटणी करतेत का?"

वसंतानं मान हलवली, कबूल म्हणून. एकदासुद्धा माझ्याकडं बघितलं न्हाई.

५ जून

अंगणात मधोमध कापसाच्या पऱ्हाट्यांचा कूड घातला. कुडाच्या पलीकडं त्यांची चूल. धूर मात्र इकडंच येतो.

२१ जुलै

पाऊस लागून राह्यलाय. वसंतानं ट्रॉलीच्या आसाखाली दगड रचून चाकं उचलून ठेवलीत. टायरवर वजन नको म्हणून. वरून ताडपत्री. आज चिखलात बसून चाकात ग्रीस भरून राह्यला होता. ओढायला ट्रॅक्टर न्हाई, तरी त्याचं सुरूच. कुडाच्या फटीतून बघत राह्यले. पाठ भिजलेली होती. लहानपणी असा भिजला की पदरानं पुसायची.

ह्यांनी भाड्याची ट्रॉली आणलीय. मागचा लाल दिवा न्हाई, पिनेला साखळी न्हाई. ह्यांनी तिच्याकडं वाकूनसुद्धा बघितलं न्हाई.

२२ ऑगस्ट

पुरणाच्या पोळ्या केल्या. वसंताच्या बायकोच्या, बेबीनंदाच्या, हाती चार दिल्या — वसंताला गरम आवडतात. संध्याकाळी ताट तसंच परत आलं, वर फडकं झाकून.

ह्या पोरीनंच त्याचं मन फिरवलं. दुसरं कोण?

२३ ऑगस्ट

तिला वाईट बोलले मी कुडावरून. ती नुसती बघत राह्यली — जसं काही मीच चोर.

६ नोव्हेंबर

कापूस निघाला. वसंतानं शेजारच्या गावच्या बद्रीनाथशी बोलणं केलं. ट्रॅक्टर त्याचा, ट्रॉली ह्याची, लोकांचा कापूस जिनिंगला न्यायचा. आज पहिली खेप. ट्रॉली धुऊन पुसून काढली होती, साखळीला तेल, मागं नवा लाल दिवा.

हे दाराआड उभे राहून बघत होते. मला वाटलं आता बाहेर जातील. गेले न्हाईत.

२१ नोव्हेंबर



हे आन वसंता ट्रॉली जोडायचे ते मी किती वर्षं बघितलंय. वसंता दांडा उचलून धरायचा. हे मागं न बघता ट्रॅक्टर मागं घ्यायचे. "येऊ द्या, दादा. येऊ द्या. बस्स." बस्स म्हणलं की ट्रॅक्टर जागच्या जागी उभा. कधी बोटभर पुढं न्हाई.

आज दुपारी कुडापलीकडं बद्रीनाथचा ट्रॅक्टर मागं येत होता. हे बाजेवर पडलेले. वसंताचा आवाज आला — येऊ द्या, येऊ द्या, बस्स. मी बघितलं, ह्यांचा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. ब्रेकवर दाबावा तसा.

बद्रीनाथला ऐकू गेलं न्हाई.

वसंताचा हात दांडा आन हुकाच्या मधी सापडला. दोन बोटं चेंदून गेली. तो ओरडला न्हाई. बेबीनंदा ओरडली. मी कूड मोडून पलीकडं गेले. त्यानं हात पोटाशी धरला होता, रक्त आन ग्रीस एकत्र. मी म्हणलं, चल, सुई टोचून घेऊ, गंजलेलं लोखंड आहे, शेणामातीचं. त्यानं तोंड फिरवलं. बायकोला म्हणाला, "हळद लाव. न्हाई काही होत."

हे कुडापर्यंत आले आन तिथंच थांबले.

२४ नोव्हेंबर

हाताला फडकं बांधून खेपा करून राह्यलाय. बेबीनंदाला म्हणलं, त्याला दवाखान्यात ने. ती म्हणाली, ऐकत न्हाईत.

३० नोव्हेंबर

सकाळी बेबीनंदा आमच्या दारात. वाटणीनंतर पहिल्यांदाच. म्हणाली, आक्का, त्यांना तोंड उघडता येईना. घास जात न्हाई. मान ताठ झालीय.

ते ऐकून हे उठले. ट्रॅक्टर सुरू केला, कूड तुडवून पलीकडं नेला. ट्रॉली वसंताची. दांडा धरायला कोणी न्हवतं. मी धरला. हे आज मागं बघत होते. मी हात वर केला, ते थांबले.

ट्रॉलीत कडबा पसरला, वर गोधडी. प्रत्येक खड्ड्याला त्याचं अंग धनुष्यासारखं वाकायचं. हे इतक्या हळू चालवत होते की माणसं आम्हाला चालत मागं टाकून गेली. पिंपळगावच्या डॉक्टरांनी बघितलं आन धनुर्वात म्हणाले. त्यांनीच जीप करून दिली, जालन्याला मोठ्या दवाखान्यात.

२ डिसेंबर, जालना

त्याला अंधाऱ्या खोलीत ठेवलंय. खिडकीला काळं कापड. नर्सबाईनं बजावलं, उजेड न्हाई, हात लावायचा न्हाई, बोलायचं तर बिलकुल न्हाई. आवाजानं झटका येतो.

सहा महिने मला त्याला एकच विचारायचं होतं. माझं काय चुकलं, वसंता? आज तो समोर आहे, उठून जाऊ शकत न्हाई. आन मला तोंड उघडायची मनाई.

भिंतीला टेकून बसून राह्यले. अंधाराची सवय झाली तवा दिसलं, तो माझ्याकडंच बघून राह्यला होता. दात आवळलेले. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी कानात जात होतं. पुसायला हात उचलला आन परत खाली घेतला.

४ डिसेंबर

गेला.

८ डिसेंबर

हे ओट्यावर बसून असतात. दाढी वाढलीय. ट्रॉली अजून ट्रॅक्टरलाच जोडलेली आहे, कोणी सोडवत न्हाई. काल ह्यांनी तिच्या टायरमधली हवा अंगठ्यानं दाबून बघितली, वसंता बघायचा तशी. मला ह्यांची दया आली. जवळ जाऊन बसले. म्हणलं, तुम्ही काय केलं त्यात? वेगळं व्हायचं त्याच्याच मनात आलं. नशिबाचे भोग.

हे उठून आत गेले.

१९ डिसेंबर

बेबीनंदाचा बाप तिला न्यायला आल्ता. जाताना ती माझ्या पाया पडली न्हाई. म्हणाली, "आक्का, तुम्ही त्यांना वेगळं काढलं नसतं तर आज ते असते."

मी म्हणलं, मी कुठं काढलं? त्यानंच मागितलं.

ती दारातच थांबली. "त्यांनी? दादांनी येऊन सांगितलं त्यांना. वैनीला तुझं ओझं झालंय, तीच म्हणती वेगळं काढा. त्यांनी लई दिवस वाट बघितली, तुम्ही येऊन न्हाई म्हणाल म्हणून."

यष्टी आली. ती गेली.

हे ओट्यावर आहेत. मघाशी पाणी मागितलं. मी ऐकलं, उठले न्हाई.