दोनच्या भावात चार

३ फेब्रुवारी

चि. गुंड्या यास,
ताईचे आशीर्वाद आणि नेहमीची कटकट. मेडिकलवाल्यांचं पाकीट काल आलं. तू तिकडच्या शाखेत माझ्या कार्डाचा नंबर सांगतोस, पॉइंट माझ्या नावावर जमतात आणि कूपनं माझ्या दारात येतात, हे झकास चाललंय. या महिन्याची कापून सोबत ठेवली आहेत. दाढीच्या पात्यांचं कूपन पंधरा तारखेच्या आत वापर, मागच्या वेळेसारखं खिशात घालून धुऊ नकोस. हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करणाऱ्या माणसानं स्वतःच्या खिशातले कागद धुवावेत, म्हणजे कमाल आहे.

हे दुकानवाले मोठे चौकस. आपण काय काय घेतलं ते छापून पाठवतात आणि त्याच वस्तूंवर सवलत देतात. त्यात खोकल्याच्या लाल औषधाच्या दोन बाटल्या दिसल्या. कोण खोकतंय? तू की बाबा? बाबा परत डेपोकडे निघाले नाहीत ना? निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, तरी त्यांना वाटतं की ते गेल्याशिवाय बसगाड्या सुटणार नाहीत.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
वाकून नमस्कार. कूपनं मिळाली, पाती घेतली. खोकला बाबांना आहे. दुकानातल्या काउंटरवरच्या बाईंनी ते औषध दिलं, बरं पडलं.

डेपोचं विचारलंस म्हणून सांगतो. गेल्या महिन्यात दोनदा गेले. एकदा गॅस चालू ठेवून. मी दुपारी दोनला कामावर जातो तो रात्री दहाला येतो, तेवढ्यात ते काय करतील या धास्तीनं माझं इस्त्रीत लक्ष नसतं. मुकादमानं दोनदा झापलं. शेजाऱ्यांनाही किती सांगणार, तेही आता दिसले की दार लोटून घेतात. आता खोकल्याच्या औषधानं बाबा शांत झोपतात, त्यामुळे जरा जीव भांड्यात पडलाय.

एक विचारू का? उन्हाळ्याचे दोन महिने त्यांना तुझ्याकडे ठेवशील? नाही जमलं तरी राग नाही.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझा गुंड्या

४ मार्च

चि. गुंड्या यास,
आशीर्वाद. तुझं पत्र चार वेळा वाचलं. इथे दोन खोल्या, त्यातली एक सासूबाईंची, त्या अंथरुणावर. बाबांना कुठे निजवू? पुढच्या वर्षी मोठं घर बघणार आहोत, तेव्हा नक्की. मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस.

माझ्या हातून जे होतं ते करते. लाल औषधाचं कूपन पाठवते आहे, दोनवर एक फुकट. कागदावर पाच बाटल्या छापून आल्यात. अरे, खोकला आहे की कारखाना? डॉक्टरांना दाखव. मी तीनदा फोन केला, नुसता वाजतच राहतो.

आठवण ठेव.
तुझी ताई

१३ मार्च

ती. ताईस,
नमस्कार. फोनची तार काढून ठेवली आहे, घंटेनं त्यांची झोपमोड होते. डॉक्टरांकडे न्यायचं तर माझा दिवस बुडतो, आणि मुकादम आता रजेचं नाव काढू देत नाही. कूपन वापरलं. तीन बाटल्या घेतल्या. अजून असेल तर पाठव, मोठ्या बाटलीचं आलं तर फार बरं. लहान बाटली पुरत नाही.

बाबा ठीक आहेत. जेवण कमी झालंय. डेपोचं नाव काढत नाहीत.

तुझा गुंड्या

५ एप्रिल

चि. गुंड्या यास,
आशीर्वाद. तुझी पत्रं आखूड होत चालली आहेत. ना थट्टा, ना मुकादमाच्या नकला. काही लपवत नाहीस ना?

या महिन्याच्या कागदावर अकरा बाटल्या आहेत. मला आकडा बघून कसंसंच झालं. खोकला दोन महिने टिकला तर छातीचा फोटो काढायला हवा. बाबांना दोन ओळी लिहायला सांग, म्हणजे मला चैन पडेल. त्यांचं अक्षर बघून किती दिवस झाले.

मोठ्या बाटलीचं कूपन आलंय, दोनच्या भावात चार. खरं सांगू, पाठवावं की नाही याचा दोन दिवस विचार केला. पण वीस तारखेला मुदत संपते आणि एवढी सवलत वर्षातून एकदाच येते. वाया घालवणं जिवावर आलं. पाठवते आहे. आधी डॉक्टरांना मात्र दाखव.

तुझी ताई

१२ एप्रिल

चिमणे,
आशीर्वाद. गुंड्या आंघोळीला गेला आहे तेवढ्यात लिहितो. तू खोकल्याचं विचारलंस असं तो म्हणाला. मला खोकला नाही. कधी नव्हता. मला रोज एक गोड औषध मिळतं. पूर्वी जेवणानंतर देई, आता तो कामावर जाण्याआधी देतो, आणि आल्यावर पुन्हा. मग दिवस कुठे जातो कळत नाही. मी चाळीस वर्षं गाड्यांच्या वेळा लावल्या, आणि आता सकाळ की संध्याकाळ हे त्याला विचारावं लागतं. उठायला गेलो तर पाय ऐकत नाहीत.

त्याला रागावू नकोस. तो फार थकला आहे. परवा माझ्या तोंडाला चमचा लावून उभ्या उभ्याच डुलकी घेत होता. टपाल त्या खालच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे अंथरुणाशेजारच्या खिडकीतून सोडतो.

तुझे बाबा

१६ एप्रिल

गुंड्या,
बाबांचं पत्र आत्ता हातात पडलं. तू त्यांच्याकडून लिहून घेतलेलं नाही, त्यांनी आपणहून पाठवलंय. माझ्या घरात त्या औषधाचं एक खोकं होतं, त्यावरचं बारीक अक्षर भिंग लावून वाचलं. गुंगी येते. म्हाताऱ्या माणसाला देऊ नये. जास्त झालं तर श्वास मंदावतो.

तू वाईट नाहीस हे मला ठाऊक आहे. तू दोन महिन्यांपूर्वी माझ्याकडे मदत मागितलीस आणि मी तुला कूपन पाठवलं. चूक माझी आहे, ती मी आयुष्यभर माझ्याकडेच ठेवीन. पण आता एक थेंबही देऊ नकोस. मोठ्या बाटल्या घेतल्या असशील तर मोरीत ओत. त्यांना हलवून उठव, नाही उठले तर लगेच हॉस्पिटलात ने, नोकरी गेली तरी चालेल.

तुझा फोन बंद. मी मेडिकलला फोन लावला. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या की काल तू चार मोठ्या बाटल्या नेल्यास, कूपन खरं होतं म्हणून त्यांनी दिल्या. त्यांच्या पाया पडून सांगितलंय, उद्या दुपारच्या सुट्टीत तुमच्या दारी जा म्हणून. आमच्याकडून गाडी एक दिवसाआड सुटते, आजची गेली. परवा मी तिथे असेन. हे पत्र जलद टपालानं टाकते, माझ्याआधी पोहोचेल. बाबांना मी नेणार आहे. सासूबाईंच्या खोलीत निजवीन, नाहीतर स्वयंपाकघरात. जागा होते, मी तेव्हा नुसतं नाही म्हटलं.

तुझी ताई

१७ एप्रिल

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. आज कितीतरी दिवसांनी माझं डोकं ताळ्यावर आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुझं कूपन देवासारखं धावून आलं. चार बाटल्या घरात आहेत, आता महिनाभर काळजी नाही.

तुझ्याशी खोटं बोललो, ते मनाला लागून राहिलंय. बाबांना खोकला कधीच नव्हता. गॅसच्या दिवशी मी इतका घाबरलो, की त्यांना बांधून ठेवावं असं मनात आलं. त्यापेक्षा झोप बरी, असं वाटलं. तू येशील तेव्हा हवं तेवढं रागाव, मी ऐकून घेईन.

काल ते फार तळमळत होते, दाराकडे जायचं म्हणत होते, म्हणून नव्या बाटलीतलं थोडं जास्त दिलं. तेव्हापासून गाढ झोपलेत. मीही काल रजा टाकून त्यांच्या शेजारी आडवा झालो आणि सलग अकरा तास झोपलो. असा कधी झोपलो होतो आठवत नाही. मघाशी कुणीतरी बाई बराच वेळ दार वाजवत होत्या, हाकाही मारत होत्या. बाबांची झोप मोडेल म्हणून उघडलं नाही.

घर इतकं शांत आहे की काय सांगू. त्यांना अजून थोडं झोपू देतो, मग पेज भरवीन. पाय फार गार लागले, म्हणून माझे लोकरीचे मोजे त्यांना चढवलेत.

तुझा गुंड्या